कोनाचं मिनिट, घड्याळाचं मिनिट आणि मधला पंधराचा हिशोब

सिव्हिल डिप्लोमाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: अंशाची साठ मिनिटं आणि तासाची साठ मिनिटं यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, की नुसतं नाव सारखं? आणि मोबाईलवर पुण्याचा अक्षांश १८.५२ दिसतो, तर नकाशावर तोच १८° ३१′ १२″ लिहिलेला असतो. यातलं खरं कोणतं धरायचं?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे: दोन्ही खरं. ३१ ला ६० ने भागा, ०.५१६६७ येईल. १२ ला ३,६०० ने भागा, ०.००३३३ येईल. दोन्ही १८ मध्ये मिळवा, झाले १८.५२. जागा तीच, लिहिण्याची पद्धत वेगळी. पण या दोन पद्धती एकमेकींत मिसळल्या की काय गोंधळ होतो ते मोजणीच्या कामात मी वर्षानुवर्षं बघत आलोय, म्हणून त्यावर पुढे सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न जास्त खोल आहे. कोनाचं एक मिनिट आणि वेळेचं एक मिनिट एकच नाही, आणि संबंध नाही असंही नाही. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. त्यामुळे वेळेच्या एका मिनिटात ती कोनाची १५ मिनिटं फिरते आणि वेळेच्या एका सेकंदात कोनाचे १५ सेकंद. उलट बाजूने बघा: एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, कोनाचं एक मिनिट फिरायला ४ सेकंद. हा पंधराचा आकडा पक्का लक्षात ठेवा, बाकी सगळं त्यातून निघतं. गोंधळ टाळायला इथून पुढे मी कोनाच्या मिनिटाला कला आणि कोनाच्या सेकंदाला विकला म्हणेन. पंचांगात आजही तेच लिहितात.

हा पंधरा आला कुठून? वर्तुळाचे ३६० भाग आणि पुढे साठ-साठचे तुकडे ही बॅबिलोनियाची देणगी. तिथली आकडेमोडच साठावर चालायची. साठाला २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २०, ३० या सगळ्यांनी पूर्ण भाग जातो, आणि अपूर्णांक हाताने सोडवणाऱ्या माणसासाठी ही फार मोठी सोय होती. ग्रीक ज्योतिर्विदांनी ती उचलली आणि दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने सगळे कोन याच पद्धतीत मांडले. दिवसाचे २४ तास मात्र इजिप्तकडून आले. म्हणजे वर्तुळाची पहिली फोड ३६० ची, दिवसाची पहिली फोड २४ ची, आणि त्यापुढे दोघांचेही साठ-साठ तुकडे. पहिल्या पायरीवरचा हा फरक भागून काढला की पंधरा उरतो.

आपल्याकडच्या ज्योतिर्गणितात दिवसाची पहिली फोडच साठाची होती. ६० घटी म्हणजे एक अहोरात्र, ६० पळं म्हणजे एक घटी, ६० विपळं म्हणजे एक पळ. त्यामुळे एका घटीत आकाश ६ अंश सरकतं, एका पळात ६ कला, एका विपळात ६ विकला. इथे पंधराच्या जागी सहा आला. पण गणित करणाऱ्यांनी तोही काढून टाकला. त्यांनी पळाचे सहा प्राण केले. प्राण म्हणजे निरोगी माणसाचा एक श्वासोच्छ्वास, साधारण ४ सेकंदांचा. दिवसाचे प्राण किती? ६० × ६० × ६ = २१,६००. वर्तुळाच्या कला किती? ३६० × ६० = २१,६००. आकडा तोच! पाचव्या शतकाच्या अखेरीस आर्यभटाने हे सूत्ररूपात लिहून ठेवलंय की एका प्राणात एक कला. वेळ आणि कोन यांच्यामध्ये कुठलाही गुणक उरलाच नाही. मला ही मांडणी घड्याळाच्या मांडणीपेक्षा सरस वाटते, आणि शाळेत तास-मिनिटांसोबत ती शिकवायला हवी असं मी मनापासून म्हणतो.

बारकाईने बघायचं तर हा दिवस नाक्षत्र दिवस आहे. एखादा तारा आज जिथे दिसला तिथेच पुन्हा यायला २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंद लागतात. सूर्य ताऱ्यांमधून रोज जवळजवळ एक अंश पूर्वेला सरकतो, म्हणून त्याला पुन्हा गाठायला पृथ्वीला तो एक अंश जास्त फिरावं लागतं. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणून सौर दिवस ४ मिनिटांनी मोठा. आर्यभटाने दिलेल्या पृथ्वीच्या फेऱ्यांच्या संख्येवरून नाक्षत्र दिवस काढला तर आजच्या मूल्याशी तो सेकंदापर्यंत जुळतो.

आता हा हिशोब जमिनीवर लावू. मुंबईचा रेखांश ७२° ५०′ पूर्व. अंशाला ४ मिनिटं, म्हणून ७२ अंशांची २८८ मिनिटं. कलेला ४ सेकंद, म्हणून ५० कलांचे २०० सेकंद, म्हणजे ३ मिनिटं २० सेकंद. एकूण ४ तास ५१ मिनिटं २० सेकंद. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या पुढे तेवढी. भारतीय प्रमाणवेळ ८२° ३०′ च्या रेखावृत्तावरची, तिचे बरोबर साडेपाच तास होतात. फरक ३८ मिनिटं ४० सेकंद. १ जानेवारी १९०६ ला प्रमाणवेळ लागू झाली तरी मुंबईने आपली जुनी 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडली नव्हती, ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असायची. ते ३९ म्हणजे हेच ३८ मिनिटं ४० सेकंद.

पडताळून बघायचं असेल तर मुंबईत गच्चीवर काठी उभी रोवा. तिची सावली सगळ्यात आखूड होते ती बाराला नाही, सरासरी बारा एकोणचाळीसच्या सुमारास. सरासरी म्हणतोय, कारण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि अक्ष कललेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षभर एका चालीने चालत नाही. फेब्रुवारीच्या मध्यात ही वेळ १२.५३ च्या आसपास जाते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.२२ ला येते.

नागपूरचा रेखांश ७९° ०५′. मुंबईशी फरक ६° १५′, म्हणजे बरोबर २५ मिनिटं. म्हणून दिनदर्शिकेत मुंबईचा सूर्योदय छापलेला असेल तर नागपूरकराने सरसकट २५ मिनिटं वजा करावीत का? नाही. नागपूर मुंबईपेक्षा दोन अंशांहून थोडं जास्त उत्तरेला आहे, आणि उत्तरेला जावं तसा हिवाळ्यातला दिवस लहान होत जातो, उन्हाळ्यातला मोठा. त्यामुळे सूर्योदयातला फरक डिसेंबरच्या शेवटी २१ मिनिटांवर येतो आणि जूनच्या शेवटी २९ वर जातो. रेखांश २५ ठरवतो, वरखाली करण्याचं काम अक्षांशाचं.

समुद्रावर हीच गोष्ट जिवावर बेतायची. स्थानिक दुपार सूर्यावरून कळते, पण जिथून निघालो त्या बंदरावर त्या क्षणी किती वाजलेत ते कळल्याशिवाय रेखांश निघत नाही. १७१४ साली ब्रिटिश संसदेने रेखांश अर्ध्या अंशाच्या आत सांगण्याच्या पद्धतीला २०,००० पौंडांचं बक्षीस लावलं. अर्धा अंश म्हणजे वेळेची दोन मिनिटं. सहा आठवड्यांच्या प्रवासात घड्याळ एकूण दोन मिनिटांपेक्षा जास्त चुकायला नको, म्हणजे दिवसाला जेमतेम तीन सेकंद, आणि तेही हलत्या जहाजावर. जॉन हॅरिसन नावाच्या, सुतारकामातून वर आलेल्या कारागिराच्या घड्याळाने १७६१-६२ च्या जमैका प्रवासात ते करून दाखवलं.

आता जमिनीवरची मापं. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर. एक कला म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. एक विकला सुमारे ३१ मीटर. रेखांशाचं माप उत्तरेला जावं तसं आखडतं, कारण रेखावृत्तं ध्रुवाकडे एकत्र येतात. पुण्याच्या अक्षांशावर रेखांशाची एक विकला २९ मीटरच्या थोडी वर भरते. मी कामावर नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच पाठ करायला लावतो. विकला म्हणजे एक बऱ्यापैकी प्लॉट, एवढं डोक्यात बसलं की कागदावरचा आकडा बघून चूक केवढी आहे ते लगेच कळतं.

आणि चुका होतात त्या लिहिण्यात. एकच अक्षांश आज तीन तऱ्हांनी लिहिला जातो. टोपोशीटवर (सर्वेक्षण खात्याच्या तपशीलवार नकाशावर) १८° ३१′ १२″, मोबाईलवर १८.५२, आणि सागरी नकाशांवर किंवा ट्रेकिंगच्या हातातल्या जीपीएसवर बऱ्याचदा १८° ३१.२००′, म्हणजे अंश आणि दशांश कला. हे तीन प्रकार निदान बघून ओळखता येतात. खरा धोका चौथ्या प्रकाराचा. टोटल स्टेशनमध्ये, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रात, कोन भरताना अंशानंतर एक टिंब, मग कलांचे दोन आकडे, मग विकलांचे दोन आकडे असं भरायची पद्धत आहे. १०४° ३६′ २०″ हा कोन तिथे १०४.३६२० असा जातो. बघणाऱ्याला तो दशांश अपूर्णांकच वाटतो. तसा वाचला तर त्याचा अर्थ १०४° २१′ ४३″ होतो, जवळजवळ पंधरा कलांची चूक. शंभर मीटरवरचा बिंदू त्याने ४२ सेंटिमीटर बाजूला जातो. हद्दीच्या कामात एवढ्यावरून भाऊभाऊ कोर्टात जातात.

अक्षांशात हेच झालं तर १८° ३१′ १२″ चं कोणीतरी १८.३११२ करतं, आणि पुण्यातली जागा २३ किलोमीटर दक्षिणेला जाऊन पडते. ओळखायची एक खूण आहे: टिंबानंतरच्या पहिल्या जोडीत किंवा दुसऱ्या जोडीत साठ किंवा त्याहून मोठा आकडा आला तर तो नक्की दशांश आहे, कारण कला आणि विकला ५९ च्या पुढे जातच नाहीत. पण दोन्ही जोड्या साठाच्या आत असतील तर आकड्याकडे बघून काहीच ठरवता येत नाही, फाइल बनवणाऱ्याला फोन करून विचारावंच लागतं. तो फोन टाळू नका.

बेरीज कशी करायची ते एका पाच बाजूंच्या बंद ट्रॅव्हर्सवर (बाजू आणि कोन मोजत पहिल्या बिंदूला परत येणाऱ्या आकृतीवर) दाखवतो. आतले कोन समजा असे आले: १०४° ३६′ २०″, ९७° १२′ ४०″, १२३° ४८′ ००″, १०८° १५′ २०″ आणि १०६° ०७′ ००″. विकलांची बेरीज ८०, त्यातल्या ६० ची एक कला हातचा, राहिल्या २०. कलांची बेरीज ११८ आणि हातचा एक, ११९, म्हणजे एक अंश हातचा आणि ५९ कला. अंशांची बेरीज ५३८ आणि हातचा एक, ५३९. एकूण ५३९° ५९′ २०″. पंचकोनात ५४०° हवेत, म्हणजे ४० विकला कमी. यंत्राचं लघुतम माप, म्हणजे त्यावर वाचता येणारा सगळ्यात लहान कोन, २०″ असेल तर नेहमीच्या नियमाने चालणारी चूक २० गुणिले पाचाचं वर्गमूळ, साधारण ४५″. आपण आत आहोत. प्रत्येक कोनात ८″ मिळवा आणि पुढे चला. मर्यादेबाहेर गेलं असतं तर आकडे ओढूनताणून बसवायचे नाहीत, पुन्हा साइटवर जायचं.

एक्सेलमध्ये हे फार सोपं होतं, कारण वेळही साठाचीच आहे. कोन तास:मिनिट:सेकंद या स्वरूपात टाका, १०४:३६:२० असा, आणि बेरीज घ्या. सेलच्या फॉरमॅटमध्ये तासाचं अक्षर चौकटी कंसात ठेवा, नाहीतर २४ झाले की एक्सेल तास पुन्हा शून्यापासून दाखवतो. दशांश अंश हवे असतील तर उत्तराला २४ ने गुणा, कारण एक्सेल वेळ आतमध्ये दिवसांत साठवतो. एक अडचण: उत्तर ऋण आलं की सेलमध्ये नुसत्या जाळीच्या खुणा दिसतात. त्यामुळे वजाबाकीसाठी आधी दशांश करून घेतलेलं बरं. आणि कॅल्क्युलेटरवर साइन-कोसाइन काढण्याआधी वरच्या कोपऱ्यात कोणता मोड आहे ते बघा. तिथे अंश आणि रेडियनसोबत ग्रेडही असतो, म्हणजे वर्तुळाचे ४०० भाग. फ्रेंच क्रांतीच्या काळात कोन आणि दिवस दोन्ही दशमान करायचा प्रयत्न झाला. दहा तासांचा दिवस दोन वर्षंही टिकला नाही, पण ४०० भागांचं वर्तुळ युरोपातल्या मोजणीत राहिलं आणि त्या एका बटणाच्या रूपाने तुमच्या हातातही आलं.

कोन किती बारीक मोजायचा, हा खरा कारागिरीचा प्रश्न. हात लांब करून करंगळी डोळ्यासमोर धरली की तिची जाडी साधारण एक अंश भरते, चंद्राचं बिंब त्याच्या निम्मं. नुसत्या डोळ्याची धाव एक कलेपर्यंत. डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या तक्त्यावर ६/६ ची ओळ आठवा, तिची अक्षरं सहा मीटरवरून बरोबर पाच कला उंचीची असतात आणि त्यांच्या रेघा एक कला जाडीच्या. दुर्बीण नसताना टायको ब्राहेने ग्रहांची स्थानं एक-दोन कलांपर्यंत अचूक नोंदवली, तेव्हा मंगळाच्या कक्षेच्या गणितात आठ कलांचा फरक उरला म्हणून केप्लरने गोल कक्षा सोडून दिली आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळ मांडलं. आठ कला म्हणजे चंद्रबिंबाचा चौथा हिस्सा.

आता पुन्हा आर्यभटाकडे येतो. त्याच्या ज्या-सारणीत, म्हणजे साइनच्या कोष्टकात, वर्तुळाचा परीघ २१,६०० कला आणि त्रिज्या ३,४३८ कला धरलेली आहे. एका रेडियनमध्ये, म्हणजे त्रिज्येएवढ्या लांबीच्या कमानीच्या कोनात, कला मोजा, ३,४३७.७५ येतात, म्हणजे तोच आकडा. मोजणीदार हा आकडा रोज वापरतो: अंतराला ३,४३८ ने भागलं की एका कलेची रुंदी मिळते. १०० मीटरवर एक कला २.९ सेंटिमीटर. विकलेसाठी साठने गुणून २,०६,२६५ धरायचे, एक किलोमीटरवर एक विकला म्हणजे पाच मिलिमीटरला किंचित कमी.

म्हणूनच एक विकलेचं महाग टोटल स्टेशन घेण्याआधी ट्रायपॉडकडे बघा असं मी सांगतो. यंत्र खालच्या खुणेवर दोन मिलिमीटर चुकीचं बसलं आणि समोरचा बिंदू ५० मीटरवर असला तर कोनात आठ विकलांपर्यंत चूक जाते. गावठाणातल्या आखूड बाजूंना पाच विकलेचं यंत्र आणि नीट केलेलं सेंटरिंग पुरून उरतं. त्यासोबत प्रत्येक कोन फेस लेफ्ट आणि फेस राइट असा, म्हणजे दुर्बीण उलटवून, दोन्ही बाजूंनी वाचा. दोन वाचनांत १८० अंशांचा फरक यायला हवा, आणि त्यावर जे जास्तकमी येतं ते यंत्राचा दोष असतो, दोन्हींच्या सरासरीत निघून जातो.

लांब बाजूंवर मात्र विकला न् विकला मोलाची. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासहून सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात सुमारे अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, डोंगरांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवलं जायचं, ते यासाठीच. ७८ अंश रेखावृत्ताच्या आसपासची ती त्रिकोणांची माळ उत्तरेकडे नेता नेता लॅम्बटन १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्या मोजणीत त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश धरून चालत नाही. पृथ्वी गोल असल्याने ती थोडी जास्तच यायला हवी, दर १९७ चौरस किलोमीटरला साधारण एक विकला. पन्नास किलोमीटर बाजूच्या त्रिकोणात साडेपाच विकला जास्त येतात. ही चूक समजून काढून टाकली तर पुढचा प्रत्येक त्रिकोण बिघडत जातो.

तुमच्या डिप्लोमाच्या सर्व्हे कॅम्पमध्ये हा प्रश्न येणार नाही, एखाद चौरस किलोमीटरवर ही वाढ विकलेच्या दोनशेव्या भागाएवढी आहे. तिथे अडचण येईल ती जुन्या टोपोशीटची. तिचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणिती नमुन्यावर, मोजलेले आहेत आणि तुमच्या मोबाईलचे डब्ल्यूजीएस-८४ या नव्या नमुन्यावर, त्यामुळे एकाच विहिरीच्या आकड्यांत काही विकलांचा फरक दिसेल. दोन्ही वाचनं बरोबर असूनही. म्हणून फील्डबुकात आकड्याशेजारी तो कोणत्या गोलाभावरचा आहे आणि कोणत्या तऱ्हेने लिहिलाय, हे दोन शब्द जरूर लिहा.